केसाळ पेशी दिसल्या, पण आजार नेमका कोणता?

रक्ताच्या स्लाइडवर केसाळ कडांच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसल्या की लगेच 'हेअरी सेल ल्युकेमिया' हा रक्ताचा कर्करोग लिहून टाकावंसं वाटतं. नुसत्या केसांवर जाऊ नका. मी आधी मोनोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार, शोधते. खऱ्या हेअरी सेलमध्ये ते जवळपास गायब असतात, लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही बहुधा घटलेल्या आणि प्लीहा वाढलेली. गोम अशी, की मशीन कधीकधी या केसाळ पेशीच मोनोसाइट म्हणून मोजतं आणि आकडा नॉर्मल छापून येतो. म्हणून गणती डोळ्यांनीच करायची.

सगळ्यात फसवतो तो 'हेअरी सेल ल्युकेमिया व्हेरियंट'. नाव जवळचं, आजार वेगळा. डब्ल्यूएचओच्या २०२२च्या वर्गीकरणाने तर ते नावच काढून टाकलं. इथे पांढऱ्या पेशी वाढलेल्या, मोनोसाइट जागच्या जागी, पेशीच्या केंद्रकात ठसठशीत ठिपका. फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरच्या खुणा, म्हणजे 'सीडी' क्रमांकाची प्रथिनं, ओळखणारी तपासणी) सीडी १०३ दोन्हींत सापडतो, पण सीडी २५ व्हेरियंटमध्ये नसतो. क्लासिक हेअरी सेलमध्ये सापडणारं ॲनेक्सिन ए१ हे प्रथिन आणि बीरॅफ व्ही६००ई हा जनुकातला बदल हेही नाहीत. हा फरक करायचा तो उपचारासाठी: क्लॅड्रिबिन या केमोथेरपीच्या औषधाच्या एका कोर्सवर क्लासिक हेअरी सेलचे बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं बरे राहतात. व्हेरियंट एकट्या क्लॅड्रिबिनला फारशी दाद देत नाही, सोबत रिटक्सिमॅब हे अँटिबॉडी औषध लागतं.

केसाळ पेशी दाखवणारा आणखी एक कर्करोग म्हणजे प्लीहेचा मार्जिनल झोन लिम्फोमा. त्यात केस सगळीकडे नसतात, एखाद्या टोकाला झुबका असतो. सीडी १०३ सहसा निगेटिव्ह. सीएलएलशी (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) गल्लत फार होत नाही. तिथे सीडी ५ पॉझिटिव्ह असतो.

बोन मॅरोला सुई घातली, सिरिंज ओढली आणि हाती काहीच आलं नाही, तर हेअरी सेल आणि मायलोफायब्रोसिस (मॅरोत तंतू वाढण्याचा आजार) दोन्ही मनात ठेवा. मायलोफायब्रोसिसमध्ये रक्तात अश्रूच्या थेंबासारख्या लाल पेशी आणि अपरिपक्व पेशी दिसतात. हेअरी सेलच्या बायोप्सीत तळलेल्या अंड्यांसारख्या, एकमेकींपासून अंतर राखलेल्या पेशी.

मला खरी धास्ती असते ती ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या, म्हणजे मॅरोत रक्तपेशी बनणंच थांबण्याच्या आजाराच्या, चुकीच्या शिक्क्याची. काही हेअरी सेल रुग्णांचा मॅरो रिकामाच दिसतो, विखुरलेल्या पेशी साध्या रंगात नजरेतून सुटतात आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार सुरू होतात. ॲप्लास्टिकमध्ये प्लीहा वाढत नाही. वाढलेली असेल तर सीडी २० चा, म्हणजे या विखुरलेल्या पेशी उठून दाखवणारा, स्टेन करून घ्याच.

आणि बीरॅफ निगेटिव्ह आला म्हणून क्लासिक हेअरी सेल लगेच खोडू नका. आयजीएचव्ही४-३४ हे अँटिबॉडीचं जनुक वापरणाऱ्या काही केसेसमध्ये तो बदल नसतो.