पोस्टग्रेस १८ डेटाबेसमधलं यूयूआयडीव्ही७ : पॅकहाऊसच्या कामात वापरल्यावर

द्राक्षाचा सीझन चालू झाला की दिंडोरी-निफाडकडच्या पॅकहाऊसमध्ये काट्यावर टॅब घेऊन बसलेल्या पोरांना नेट मिळेलच असं नसतं, त्यामुळं आम्ही नाशिकमध्ये बसून जे सॉफ्टवेअर करतो त्यात नोंद आधी ऑफलाइन होते आणि रेंज आली की सर्व्हरला जाते. इथं ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे नोंदीला आपोआप पुढचा नंबर आयडी म्हणून मिळणं, चालत नाही, कारण नंबर सर्व्हर देणार आणि सर्व्हर तर लागतच नाहीये. एका क्लायंटकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक टॅब स्वतःकडच्या शेवटच्या नंबरात एक मिळवायचा, मग दोन काट्यांवर तोच नंबर आणि सिंक झाल्यावर एका बागायतदाराचे क्रेट दुसऱ्याच्या खात्यावर. शेतकऱ्याच्या पैशाचा विषय आहे हा, आयडी कसा बनतो याला म्हणून एवढं महत्त्व.

यूयूआयडी, म्हणजे सर्व्हरला न विचारता कुठंही बनवता येणारा आणि दुसऱ्याशी जुळणार नाही असा लांब आयडी, हा त्याला उपाय, आणि पोस्टग्रेस १३ पासून त्याचा व्ही४ हा प्रकार बनवायचं फंक्शन एक्स्टेंशनशिवाय मिळतंय. पण व्ही४ पूर्ण रँडम असतो, नवीन रो (टेबलातली एक नोंद) प्रायमरी कीच्या, म्हणजे आयडीच्या, क्रमानं लावलेल्या इंडेक्समध्ये कुठल्याही पानावर जाऊन पडते. टेबल लहान असेपर्यंत काही जाणवत नाही, पण इंडेक्स रॅमपेक्षा मोठा झाला की प्रत्येक इन्सर्टला डिस्कवरून वेगळंच पान आणायचं, पानं फुटतात, आणि चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवून झाल्यावर) पहिल्यांदा हात लागलेलं प्रत्येक पान पूर्णच्या पूर्ण वॅलमध्ये, म्हणजे बदलांच्या लॉगमध्ये, लिहिलं जातं. ऐन सीझनला संध्याकाळी सगळे टॅब एकदम सिंक होतात तेव्हा हे फार जड जातं.

सप्टेंबर २०२५ ला आलेल्या पोस्टग्रेस १८ मध्ये यूयूआयडीव्ही७() हे व्ही७ प्रकारचा आयडी बनवणारं फंक्शन आलं आणि मला ते मनापासून आवडलंय. यात पहिले ४८ बिट म्हणजे मिलिसेकंदातली वेळ, त्यामुळं नवीन आयडी इंडेक्सच्या उजव्या टोकाला लागत जातात, तीच ती थोडी पानं मेमरीत राहतात. पोस्टग्रेसवाल्यांनी पुढचे १२ बिटही मिलिसेकंदाच्या आतल्या वेळेला दिलेत, म्हणून एका कनेक्शनमध्ये बनलेले आयडी चढत्या क्रमानंच येतात. टॅबवर लायब्ररीनं व्ही७ बनवायचा, ऑफिसमधून भरल्या जाणाऱ्या टेबलांना डिफॉल्ट म्हणून हे फंक्शन लावायचं, दोन्ही एकाच प्रकारच्या कॉलममध्ये बसतात. जुने व्ही४ आयडी तसेच राहू द्या, फक्त डिफॉल्ट बदला, काही तुटत नाही.

आता ज्याकडं लक्ष द्यायला लागतं ते. टॅबची तारीख चुकलेली असेल तर आयडीतली वेळही चुकणार, म्हणून आयडीच्या क्रमावर हिशोब अजिबात लावू नका, नोंदीच्या वेळेचा कॉलम वेगळाच ठेवा. आयडी बघून रो कधी बनली हे कुणालाही काढता येतं, तेव्हा पासवर्ड रिसेटच्या लिंकला व्ही७ नको, तिथं पूर्ण रँडम टोकनच पाहिजे. जागा १६ बाइट लागते, बिगइंटला (साध्या मोठ्या पूर्णांकाला) ८, आणि हा आयडी प्रत्येक फॉरेन कीमध्येही, म्हणजे दुसऱ्या टेबलातून या रोकडं बोट दाखवणाऱ्या कॉलममध्येही, जातो. आणि कृपा करून तो टेक्स्ट कॉलममध्ये साठवू नका, ३६ अक्षरं होतात आणि जागा दुपटीहून जास्त जाते.

बिलाच्या नंबरासाठी तर हे वापरूच नका. जीएसटीच्या नियमात बिल नंबर सलग लागतो आणि १६ अक्षरांच्या वर जाऊन चालत नाही. त्यासाठी साधा सिक्वेन्सही (डेटाबेसचा नंबर देणारा काउंटर) पुरत नाही बरं का, ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे नोंद मध्येच रद्द झाली, तरी घेतलेला नंबर परत येत नाही आणि मध्ये गॅप पडते. आम्ही आर्थिक वर्षानुसार काउंटरचं छोटं टेबल ठेवलंय, त्यातली रो लॉक करून नंबर वाढवायचा आणि बिलाबरोबरच कमिट करायचं. थोडं हळू चालतं, पण अकाउंटंट समाधानी असतो.

एकच दुकान, एकच सर्व्हर असेल तर बिगइंट आयडेंटिटी कॉलम (आपोआप वाढणारा नंबर) मस्त आहे, उगाच यूयूआयडीच्या मागं लागू नका. चार ठिकाणांहून नोंदी येत असतील तर मात्र १८ वर जाच. जाताना एक बघा, १८ मध्ये डेटा चेकसम (पान खराब झालंय का ते ओळखायची तपासणी) डिफॉल्टनं चालू असतात आणि जुन्या क्लस्टरला (एका सर्व्हरवरच्या डेटाबेसच्या संचाला) ते नसतील तर पीजी अपग्रेड हे जुन्यावरून नव्यावर नेणारं टूल अडतं, मग नवीन क्लस्टर चेकसम बंद ठेवून बनवा किंवा जुन्यावर आधी चालू करून घ्या. आणि हे सगळं डिसेंबरच्या आत, द्राक्षं काट्यावर यायच्या आधी.