डोळ्यांचे थेंब: फ्रिजमध्ये की कपाटात?

थेंब गार बरे की साधे, हे ठरवण्याआधी लेबल वाचा. जंतुसंसर्गावरच्या क्लोरॅम्फेनिकॉलवर बहुधा २ ते ८ अंश, म्हणजे फ्रिज, लिहिलेलं असतं, तिथे प्रश्नच मिटला. काचबिंदूसाठीच्या लॅटानोप्रोस्टची न फोडलेली बाटलीही सहसा फ्रिजमध्येच; फोडल्यावर ती २५ अंशांपर्यंत सहा आठवडे बाहेर चालते. काही कंपन्यांची बाटली सुरुवातीपासून बाहेर चालते, म्हणून शेजारणीचं ऐकू नका. काचबिंदूचंच टिमोलॉल आणि कोरड्या डोळ्यांसाठीचे कृत्रिम अश्रू साधारणपणे बाहेरचे.

पण मे महिन्यात म्हापशाच्या कौलारू घरात २५ अंश आणायचे कुठून? पारा ३३-३४ वर, वर लाईट गेलेली. एसी नसेल तर फोडलेलं लॅटानोप्रोस्टसुद्धा मी फ्रिजमध्येच ठेवीन.

आता डोळ्याला काय वाटतं ते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात गारवा ओळखणाऱ्या नसा असतात, त्यामुळे गार थेंब पडल्याचं चटकन कळतं. हात थरथरणाऱ्या आजीला हा मोठा आधार: थेंब डोळ्यात गेला की गालावर, ते तिला विचारावं लागत नाही. साधा थेंब कधी कधी कळतच नाही, मग दुसरा, तिसरा घातला जातो आणि बाटली महिना भरायच्या आत संपते. ॲलर्जीने खाजणाऱ्या डोळ्यांनाही गारवा सुखावतो. डोर्झोलामाइड या काचबिंदूच्याच औषधाची जळजळ मात्र त्याच्या आम्लतेमुळे होते. गारव्याने ती जराशी दबेल, जाणार नाही.

उलट बाजूही आहे. गार थेंबाने दचकून डोळा मिटला, पाणी आलं, तर औषध वाहून जातं. मुलांचं हे हमखास होतं. अशा वेळी बाटली मिनिटभर मुठीत धरा. गरम पाण्यात बुडवू नका. जेलसारखे दाट थेंब गार झाले की बाटलीतून निघायलाच कुरकुरतात, ते बाहेरच बरे.

बाहेरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर लेबलवर मनाई नाही ना, एवढं फार्मसीत विचारा. फ्रीझर कोणत्याच बाटलीला नको. स्कूटरची डिकी तर नकोच, उन्हात ती तापते. फ्रिजमध्ये ठेवायचीच तर मासळीच्या डब्यापासून दूर, झाकणाच्या डबीत, मधल्या कप्प्यात.

फोडल्याची तारीख खोक्यावर नको, बाटलीवरच लिहा. खोका आठवड्यात कचऱ्यात जातो. बहुतेक थेंब चार आठवड्यांनी टाकायचे असतात, फ्रिजमध्ये होते तरी.