सीमेन्स एस७-१२०० (सीपीयू १२१४सी): कंट्रोलर भक्कम, कस लागतो वायरिंगचा

लहान आणि मध्यम मशीनसाठी १२१४सी डोळे झाकून निवडावा असा पीएलसी (मशीन चालवणारा, प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर) आहे. त्याच्या नावावर येणाऱ्या बहुतेक तक्रारी मात्र पॅनेलमधल्या २४ व्होल्टच्या वायरिंगमधून किंवा कुणी न बदललेल्या डीफॉल्ट सेटिंगमधून येतात. म्हणून या समीक्षेत सॉफ्टवेअरपेक्षा स्क्रू-ड्रायव्हरच्या बाजूला जास्त जागा दिली आहे.

सीपीयूवरच, म्हणजे मुख्य कंट्रोलरवरच, १४ डिजिटल इनपुट, १० डिजिटल आउटपुट आणि ०-१० व्होल्टचे २ अॅनालॉग इनपुट मिळतात. उजवीकडे जादा इनपुट-आउटपुटचे ८ सिग्नल मॉड्यूल, डावीकडे ३ कम्युनिकेशन मॉड्यूल आणि समोर एक सिग्नल बोर्ड लावता येतो. एवढ्यात पॅकिंग मशीन, कन्व्हेयर किंवा पंपहाउस आरामात बसतं.

विकत घेताना पहिला प्रश्न डीसी/डीसी/डीसी (सप्लाय, इनपुट आणि ट्रान्झिस्टर आउटपुट तिन्ही डीसी) घ्यायचा की रिले आउटपुटवाला. सरळ डीसी/डीसी/डीसी घ्या. रिलेवाल्याचा संपर्क २ अँपिअर झेपवतो, ट्रान्झिस्टर आउटपुट ०.५ अँपिअर, त्यामुळे रिलेवाला दणकट वाटतो. पण पूर्ण रेटेड लोडवर त्या रिलेचं आयुष्य सुमारे १,००,००० वेळा चालू-बंद होण्याइतकंच धरलेलं आहे. दर १० सेकंदांनी एकदा सोलेनॉइड (व्हॉल्व्ह हलवणारी कॉइल) ओढणाऱ्या मशीनवर हा आकडा जेमतेम १२ दिवसांत संपतो, आणि तो रिले सीपीयूच्या पोटात असतो. बाहेर सॉकेटवर २४ व्होल्टचा इंटरफेस रिले लावला की खराब झालेला रिले एका मिनिटात बदलता येतो. शिवाय वेगवान पल्स आउटपुट ट्रान्झिस्टरवाल्यातच मिळतं.

बसवणं सोपं आहे. ३५ मिमीच्या डीआयएन रेलवर आडवा बसवा. वर आणि खाली २५ मिमी, समोर दारापर्यंतही २५ मिमी मोकळी जागा ठेवा. आडव्या मांडणीत ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो, उभ्या रेलवर ही मर्यादा ५० अंशांवर येते. व्हीएफडी (मोटारचा वेग बदलणारा ड्राइव्ह) किंवा ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर बसवू नका, गरम हवा वरच जाते. मॉड्यूल जोडताना उजवीकडच्या बस कनेक्टरची जीभ बारीक स्क्रू-ड्रायव्हरने शेवटपर्यंत सरकवा. ती अर्धवट राहिली तर मॉड्यूल रेलवर नीट बसलेला दिसतो, पण सीपीयूला तो सापडतच नाही.

सप्लाय २०.४ ते २८.८ व्होल्टच्या आत हवा. सगळे मॉड्यूल जोडल्यावर सीपीयू १.५ अँपिअरपर्यंत ओढू शकतो, आणि त्यात फील्डचा लोड धरलेला नाही. एसएमपीएस (पॅनेलचा २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय) निवडताना सोलेनॉइड आणि सेन्सर वेगळे मोजा. सीपीयूवरून सेन्सरसाठी मिळणारा २४ व्होल्ट ४०० मिलिअँपिअरचा आहे. त्याचा प्लस बाहेरच्या एसएमपीएसच्या प्लसला कधीही जोडू नका. दोन्ही सप्लायचे व्होल्टेज थोडेसे जरी वेगळे असले तरी एकमेकांशी भांडतात आणि त्यात एक जळतो किंवा दोन्ही. फक्त मायनस कॉमन करा.

वायर ०.३ ते २ चौरस मिमी. मल्टिस्ट्रँड वायरला क्रिंप केलेली पिन लावा. टोकाला सोल्डर लावू नका. दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांत स्क्रू सैल होतो. टर्मिनलचा टॉर्क जास्तीत जास्त ०.५६ न्यूटन-मीटर, म्हणजे हाताच्या जोराने कसलेला स्क्रू सहज मर्यादेबाहेर जातो.

आता इनपुट, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. चौदाही इनपुटना १एम हा एकच कॉमन आहे. तो मायनसला लावला की पीएनपी सेन्सर (ऑन झाल्यावर प्लस देणारे) चालतात, प्लसला लावला की एनपीएन (मायनस देणारे). दोन्ही प्रकार एकाच सीपीयूवर मिसळता येत नाहीत, म्हणून सेन्सर मागवतानाच एकच प्रकार ठरवा. इनपुट ऑन धरायला किमान १५ व्होल्ट आणि २.५ मिलिअँपिअर लागतात. ५ व्होल्ट आणि १ मिलिअँपिअरच्या खाली तो नक्की ऑफ. दोन वायरच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरची (धातू जवळ आला की ऑन होणाऱ्या सेन्सरची) गळती, म्हणजे ऑफ असतानाही वाहणारा करंट, १ मिलिअँपिअरच्या वर गेली की समोर धातू नसतानाही इनपुट नीट ऑफ होत नाही. इनपुट आणि १एमच्या मध्ये ४.७ किलोओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर टाकला की गळती त्याच्यातून निघून जाते. तीन वायरचा सेन्सर घेतला तर हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा सापळा इनपुट फिल्टरचा, म्हणजे ठरावीक वेळेपेक्षा छोटे सिग्नल गाळणाऱ्या सेटिंगचा. डीफॉल्ट ६.४ मिलिसेकंद आहे, म्हणजे साधारण ७८ हर्ट्झच्या वरचे पल्स कंट्रोलरला दिसतच नाहीत. एका फेरीला ५०० पल्स देणारा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) ६० आरपीएमवर ५०० हर्ट्झ देतो. हाय-स्पीड काउंटर (वेगवान पल्स मोजणारी सोय) बिनचूक कॉन्फिगर केलेला, एन्कोडर ठणठणीत, वायर बरोबर, आणि काउंट शून्य! लोक एन्कोडर बदलून पाहतात. करायचं एवढंच: डिव्हाइस कॉन्फिगरेशनमध्ये एन्कोडरच्या ए आणि बी अशा दोन्ही इनपुटचा फिल्टर मायक्रोसेकंदांवर आणायचा. पहिले सहा इनपुट १०० किलोहर्ट्झपर्यंत मोजतात, पुढचे ३० पर्यंत. एन्कोडर पहिल्या सहांतच लावा. लिमिट स्विचचा फिल्टर मात्र ६.४ वरच राहू द्या, संपर्काची थरथर तोच गाळतो.

आउटपुटच्या गटाला ३एल+ आणि ३एम असा वेगळा सप्लाय लागतो, तो जोडायला विसरू नका. कॉइल बंद होताना येणारा व्होल्टेजचा झटका दाबायची सोय आत आहे. पण आउटपुट आणि कॉइल यांच्या मध्ये इमर्जन्सी स्टॉपचा किंवा दुसऱ्या रिलेचा संपर्क असेल, तर तो उघडल्यावर झटक्याला आतल्या सर्किटपर्यंत वाटच राहत नाही. अशा वेळी कॉइलच्या टर्मिनलवरच उलटा डायोड लावा, १एन४००१ पुरतो. डायोडमुळे कॉइल सोडायला थोडा उशीर लागतो. व्हॉल्व्ह झटकन पडायला हवा असेल तर डायोडबरोबर झीनर डायोड लावा.

अॅनालॉग हा या सीपीयूचा कमकुवत कोपरा. रिझोल्यूशन १० बिट, आयसोलेशन (विद्युत विलगीकरण) नाही, आणि बऱ्याच सेन्सरचा ४-२० मिलिअँपिअर सिग्नल थेट घेत नाही. टाकीच्या लेव्हलसाठी ५०० ओहमचा ०.१ टक्क्याचा रेझिस्टर इनपुटवर लावून २-१० व्होल्ट करता येतात. मग प्रोग्राममध्ये वाचलेलं मूल्य ५५३० ते २७६४८ मध्ये फिरतं आणि वायर तुटली की शून्याकडे जातं, त्यामुळे फॉल्ट प्रोग्राममध्ये पकडता येतो. वजन किंवा काटेकोर दाब मोजायचा असेल तर वेगळा अॅनालॉग मॉड्यूलच घ्या. न वापरलेला अॅनालॉग इनपुट शॉर्ट करून ठेवा.

देखभालीत हा कंट्रोलर फार त्रास देत नाही. प्रोग्रामसाठी बॅटरी लागत नाही. घड्याळ सुपर कॅपॅसिटरवर साधारण २० दिवस तग धरतं, उष्ण पॅनेलमध्ये त्याहून कमी. लांब बंदनंतर तारीख तपासा. टर्मिनल ब्लॉक वरून हलकेच उचकला की वायरींसकट निघतो, एकही स्क्रू सोडावा लागत नाही. त्याच्या जोडीला कंपनीचं मेमरी कार्ड प्रोग्राम कार्ड म्हणून वापरलं तर नव्या सीपीयूत कार्ड टाकून लॅपटॉपशिवाय मशीन उभी करता येते. ते कार्ड विंडोजमध्ये फॉरमॅट करू नका, कायमचं निकामी होतं. मशीन चालू असताना काढूही नका, सीपीयू स्टॉपला जातो. स्पेअर सीपीयूचं फर्मवेअर प्रोजेक्टमधल्या आवृत्तीपेक्षा जुनं नको. तो कॉन्फिगरेशन घेणारच नाही.

एक खटकणारी गोष्ट: रन-स्टॉपचा स्विच नाही. डीफॉल्टनुसार सप्लाय परत आल्यावर सीपीयू आधीच्याच स्थितीत सुरू होतो. कुणी लॅपटॉपवरून स्टॉप करून पॅनेल बंद केलं, तर सकाळी पिवळा दिवा तसाच जळत राहतो आणि ऑपरेटरच्या हातात काही नसतं. स्टार्टअप सेटिंग ‘वॉर्म रीस्टार्ट, रन’ करून ठेवा. ते करताना मोटार फक्त पुशबटणानेच लॅच होते (चालू होऊन चालू राहते) ना, हे प्रोग्राममध्ये पाहा, आणि इमर्जन्सी स्टॉप सेफ्टी रिलेवर हार्डवायर करा. हा सीपीयू फेलसेफ (सुरक्षेच्या कामासाठी बनवलेला) नाही.