वजन १०८ किलो, सायकल वडिलांची: आठेक महिन्यांचा अनुभव

वडिलांची जुनी सायकल चालवून वजन उतरलं का, हे सगळे पहिल्यांदा विचारतात, त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. वजन फारसं उतरलेलं नाही. १०८ वरून १०४ वर आलं आणि तिथेच घुटमळतंय. जेवण आहे तेच आहे म्हटल्यावर दुसरं काय होणार! पण सांगलीहून मिरजेला जाऊन येतो तेव्हा आता धाप लागत नाही.

सायकल काळी, दांडीची. २४ इंची फ्रेम, २८ ची चाकं, रॉडचे (वायरऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे) ब्रेक. २०१९ च्या पुरात पाण्यात होती, नंतर जिन्याखाली पडून. दुकानदार म्हणाला नवीन गिअरची घ्या. पण बऱ्याच नव्या सायकलींवर चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा शंभर-सव्वाशे किलोच्या आत लिहिलेली असते, म्हणजे मी बरोबर काठावर. या जुन्या सायकलीवर लोकांनी आयुष्यभर दुधाच्या किटल्या आणि पोती वाहिली आहेत. मागच्या चाकाला चाळीस तारा, पुढच्याला बत्तीस. एखादी तुटली तरी घरापर्यंत येता येतं.

तुटतात मात्र मागच्याच, फ्रीव्हीलच्या (चेन फिरवते त्या मागच्या दातेरी चाकाच्या) बाजूच्या आणि हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकात. दोनदा एकेक तार बदलून घेतली. तिसऱ्यांदा सायकलवाले मामा म्हणाले, "साहेब, एकेक बदलत बसू नका, सगळ्याच जुन्या झाल्यात." नवी रिम, चाळीसही तारा नव्या, आउट (चाकाचा वाकडेपणा) नीट काढला, त्यानंतर आजपर्यंत एकही तुटलेली नाही. जाडजूड माणसाने पैसे घालायचे तर पहिल्यांदा मागच्या चाकात. बाकी ओव्हरहॉलिंगला बेअरिंगचे कोन आणि छर्रे, ग्रीस सगळं बदललं. पुराचा गाळ हबमध्ये वाळून बसला होता. टायर-ट्यूब, फ्रीव्हील, सीट धरून साडेतीन हजारांच्या आसपास गेले.

फ्रीव्हीलचं जरा सविस्तर सांगतो, कारण कुणी सांगत नाही. पुढे ४४ दात, मागे १८ होते. एका पायडलच्या फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला छान, पण सिग्नलवरून निघताना आणि पुलावर गुडघे बोलायला लागतात. मागे २२ दातांचं फ्रीव्हील बसवलं, चेनमध्ये एक जोड वाढवला. आता एका फेऱ्यात साडेचार मीटर. वेग कमी झाला, तासाला बारा-तेरा किलोमीटर, पण गुडघे गप्प झाले. खर्च किरकोळ, फरक सगळ्यात मोठा.

उभं राहून पायडल मारायचं नाही. मारलं की कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) मधल्या आसाला पक्का धरणारी खीळ, सैल होते आणि प्रत्येक फेऱ्याला 'टक' वाजायला लागतं. आवाज आला की त्याच दिवशी दुकानात जावं. पिन झिजली की क्रँकचं भोकही खराब होतं, मग काम वाढतं.

ब्रेकबाबत खरं बोलायचं तर ही सायकल पावसात माझ्या वजनाला पुरी पडत नाही. रॉडच्या ब्रेकचे रबर रिमला आतून, हबच्या बाजूने घासतात. क्रोमची रिम ओली झाली की पकड जवळजवळ जाते. आधीपासून हलके हलके दाबून पाणी पुसत जावं लागतं आणि रिक्षाच्या मागे अंतर जास्त ठेवावं लागतं. जोराचा पाऊस असेल तर मी काढतच नाही. रिम वर-खाली असेल तरी ब्रेक झटके देतो, म्हणून आउट काढताना तेवढं सांगायचं. चेन ताणायला मागचं चाक सरकवलं की ब्रेकही पुन्हा लावून घ्यायचा.

सीट रुंद, मोठ्या स्प्रिंगची, चामड्याची. सरळ ताठ बसल्यामुळे सगळा भार बुडावरच येतो, त्यामुळे अरुंद स्पोर्ट्स सीट बसवायच्या भानगडीत पडू नका. सुरुवातीला मांड्या घासून लाल व्हायच्या. पेट्रोलियम जेली आणि लांब अंडरवेअर, विषय संपला. पँटी मात्र आसनात फाटतात. बायको म्हणते, सायकल फुकट, पँटींचाच खर्च.

हवा अंगठ्याने दाबून बघायची तर मागची जवळपास दगडासारखी लागली पाहिजे. आठवड्याला हवा भरतो. कमी असेल तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरवाला चाक न काढताच काढून देतो, हे सुख मोठं.

दांडीवरून पाय टाकणं हा वेगळाच प्रकार. मी अजूनही फुटपाथच्या कडेला उभा राहूनच चढतो. पहाटे हरिपूरच्या रस्त्याला, झाडांच्या सावलीतून संगमेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन यावं, तिथे ही सायकल अंगाला लागते. घाटात न्यायच्या लायकीची नाही, कुणी कितीही सांगो.

जुनी सायकल घेणार असाल तर रंग बघू नका. दोन्ही क्रँक आडवे करून एकावर दाबा. दुसरा जरा उशिरा हलला तर कॉटर गेलेले. मागचं चाक उचलून फिरवा आणि रिम ब्रेकच्या रबरापासून कुठे जवळ, कुठे लांब जाते ते बघा. सीटची दांडी फ्रेममधून निघते का, हेही आधीच तपासा. गंजून अडकली असेल तर भाव निम्म्याने पाडून मागा.