ट्रॉम्बोन घेताय? आधी स्लाइड सोडून पाहा

दहा वर्षांच्या मुलीच्या हातात पितळी ट्रॉम्बोन दिला की पाच मिनिटांत तिचा डावा खांदा उतरतो. वाद्याचा सगळा भार डाव्या हातावर असतो, उजवा फक्त स्लाइड, म्हणजे पुढे-मागे सरकणारी नळी, हलवतो. म्हणून एवढ्या लहान मुलांचे पालक "प्लास्टिकचा चालेल का?" असं विचारतात, तेव्हा मी बिनधास्त हो म्हणतो. पीबोन या प्लास्टिकच्या ट्रॉम्बोनचं वजन सुमारे ८०० ग्रॅम. कुठे आपटला तरी पितळेसारखा पोचा पडत नाही, आणि स्लाइडवर पाण्याचा फवारा मारला की भागतं. मात्र जोरात फुंकलं की आवाज पातळ होतो आणि स्लाइडला पितळेची चपळाई नाही. मूल टिकलं तर वर्ष-दोन वर्षांत तो बदलावा लागेल, हे धरूनच घ्या.

बारा-तेराच्या पुढचं मूल किंवा मोठा माणूस असेल तर थेट साधा पितळी टेनर, म्हणजे नेहमीच्या आकाराचा ट्रॉम्बोन, घ्यावा, ट्रिगर (अंगठ्याने दाबायची कळ) नसलेला. यामाहाचा वायएसएल-३५४ हा त्यातला नेहमीचा नमुना: नळीचा आतला व्यास, म्हणजे बोअर, १२.७ मिमी. कमी दमातही सूर लागतो आणि पुढे विकायला निघाला तर गिऱ्हाईक मिळतं. त्याच्याहून कितीतरी स्वस्त, आरशासारखे चकचकीत नगही ऑनलाइन दिसतात. मी एकदा तसा घेतला होता. चौथ्या पोझिशनला (सुरांसाठी स्लाइड थांबवायच्या ठरलेल्या जागांपैकी चौथी) स्लाइड दर वेळी अडायची. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी बाहेरची नळी काढून दाखवली: आतल्या दोन नळ्या एकमेकींना समांतरच नव्हत्या. ते सहा महिने मी सूर शोधण्याऐवजी स्लाइड ओढण्यातच घालवले.

तेव्हा दुकानात पहिलं काम हे. वाद्य उभं धरा, स्लाइडचं लॉक काढा, खाली हात ठेवा आणि बाहेरची स्लाइड सोडा. ती न अडखळता, न खरखरता घसरली पाहिजे. जुना नग असेल तर स्लाइडच्या तळच्या वळणावर गुलाबी ठिपके आहेत का ते बघा. ते असतील तर पितळ आतून खाल्लं गेलंय, तो नग सोडून द्या. मेरठच्या जली कोठीत बनणारी बँडची वाद्यं घ्यायची असतील, तरी हीच परीक्षा करून नग स्वतः निवडावा.

खरा गोंधळ पुढच्या पायरीवर होतो. एफ अटॅचमेंटच्या ट्रॉम्बोनला डाव्या अंगठ्याने ट्रिगर दाबला की हवा सुमारे तीन फूट जास्तीच्या नळीतून जाते आणि बी-फ्लॅटचं वाद्य एफमध्ये उतरतं. सहाव्या पोझिशनला मिळणारा खालचा सी हा सूर मग पहिल्याच पोझिशनला मिळतो. ऑर्केस्ट्रात हे हवंच. तिथे बाख ४२ किंवा कॉन ८८एच ही मॉडेलं, बोअर १३.८९ मिमी, भरदार आवाज, पण दमही तेवढाच लागतो. जॅझ किंवा वरातीच्या बँडमध्ये वाजवणारा कितीही तयारीचा असला, तरी त्याला लहान बोअरच शोभतो. गर्दीतून टोकदार सूर तोच काढतो. मोठा बोअर म्हणजे वरची इयत्ता, असं मुळीच नाही. दोन्हीकडे वाजवणाऱ्या कॉलेजच्या मुलाला मी मधला, १३.३ मिमीचा, ट्रिगरवाला सुचवतो.

माउथपीस (ओठांना लावायचा भाग) घेताना शँक, म्हणजे वाद्याच्या नळीत बसणारं त्याचं टोक, तपासा. मोठ्या बोअरच्या वाद्यांना मोठा शँक लागतो, लहान बोअरच्या वाद्यांना लहान. मोठा शँक लहान नळीत बसत नाही आणि लहान शँक मोठ्या नळीत डुगडुगतो. माउथपीसचे माप-क्रमांक असे: नवशिक्याला १२सी, थोडा ओठ बसला की ६½एएल. ऑर्केस्ट्रासाठी ५जी मोठ्या शँकमध्ये.

बाकी सामानात स्लाइड क्रीम आणि पाण्याची छोटी बाटली आधी घ्या. आतल्या नळ्यांची टोकं किंचित जाड असतात. क्रीमचा पातळ हात तिथेच फिरवायचा आणि वरून पाणी मारायचं. व्हॉल्व्ह ऑइल स्लाइडला लावू नका. धुताना कोमट पाणी वापरा; कढत पाण्याने लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक थर, निघतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर प्रॅक्टिस म्यूट (आवाज दाबण्यासाठी वाद्याच्या तोंडात बसवायचा) पहिल्याच दिवशी घ्या, पण रोज थोडा वेळ तो काढूनही वाजवा. म्यूट लावला की हवा अडते आणि सूर सरकतो, कानाला तीच सवय लागते. स्ट्रेट आणि कप म्यूट बँडमध्ये मागितले की घ्यावेत. प्लंजर म्यूट तर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो: सिंक साफ करायचा रबरी कप, दांडा काढून टाकलेला.