भाड्याचं कॅमेरा किट: मांडवात चोख, पावसाळी कोकणात निम्मं कामाचं

सोलापूरच्या नवी पेठेत कॅमेऱ्याचं साहित्य भाड्याने देणाऱ्या या दुकानाचा धंदा लग्नांवर चालतो. आषाढी झाली, चातुर्मास लागला की सामान कपाटात पडून राहतं, आणि नेमका तेव्हाच कोकणातला समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर खडकाळ किनाऱ्यावरचा सूर्यास्त टिपायला निघणाऱ्या सोलापूरकराला इथे साहित्य सहज मिळतं. मागायचं काय ते मात्र आपल्यालाच ठाऊक हवं.

न सांगता हातात देतात तो ट्रायपॉड व्हिडिओचा. कॅमेरा संथपणे फिरवणारं फ्लुइड हेड, आणि तिन्ही पाय मधोमध पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले. मांडवातल्या सपाट जमिनीवर उत्तम. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हेदवीच्या कातळावर एक पाय खाचेत, दुसरा वीतभर वर, तिसरा जवळजवळ आडवा ठेवावा लागतो. पट्ट्या ते होऊच देत नाहीत. प्रत्येक पाय स्वतंत्र कोनात उघडणारा फोटोचा ट्रायपॉडही दुकानात आहे, तोच मागावा. मधली दांडी वर काढू नये, वाऱ्यात सगळ्यात आधी तीच थरथरते. सर्वांत खालची बारीक नळी आधी पूर्ण उघडावी, म्हणजे सांधा पाण्याच्या वर राहतो आणि त्यात वाळू जात नाही. वजन म्हणून बॅग लटकवायची तर तिचा तळ दगडाला टेकलेला हवा. अधांतरी बॅग झोके घेते आणि कॅमेऱ्यालाही हलवते.

फिल्टरांचंही तेच. फिरवून कमीजास्त गडद करायचा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, पुढे करतात. व्हिडिओला तो सोयीचा, पण १८-२० मिलिमीटरच्या वाइड लेन्सवर जास्त फिरवला की आकाशात फुलीसारखा काळा पट्टा उमटतो आणि तो नंतर निघत नाही. ठरावीक ६ स्टॉपचा एनडी घ्यावा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). १/६० सेकंदाचं एक्सपोजर त्याने १ सेकंदावर येतं. १० स्टॉपने तेच १७ सेकंदांवर जातं आणि वादळी समुद्राचं धुकं होतं. खवळलेपण हवं असेल तर तो नकोच. लाट फुटून पाणी खडकांवरून मागे ओढलं जायला लागतं त्या क्षणी शटर १/४ ते १ सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११, आयएसओ १००: फेसाच्या रेघा अशाच मिळतात. हेदवीच्याच बामणघळीत, कातळातल्या अरुंद भेगेत, उसळणारं पाणी गोठवायचं तर फिल्टर काढून १/१००० च्या आसपास.

आकाशाचा उजेड दाबणारा, अर्धा गडद ग्रॅड फिल्टरही भाड्याने मिळतो. क्षितिज मोकळं असेल तरच घ्यावा. बाजूला डोंगराचं नाक आलं की त्याचा माथा काळाठिक्कर पडतो. त्यापेक्षा २-३ स्टॉपच्या फरकाने दोन फ्रेम घेऊन घरी जोडाव्यात, पण लाट एकाच फ्रेममधली ठेवावी.

खरी तक्रार इथे आहे. परत आलेले फिल्टर दुकानात कोरड्या फडक्याने पुसतात. वाळलेल्या मिठाचे कण काचेवर घासले जातात आणि बारीक गोल ओरखडे पडतात. लग्नाच्या फोटोत ते कधी दिसायचे नाहीत. समोर थेट मावळता सूर्य आला की चमकतात. काच मोबाइलच्या टॉर्चखाली तिरकी धरून तपासावी, ओरखड्यांचे फोटो काढून ठेवावेत, मगच अनामत भरावी. परत देताना आधी गोडं पाणी, मग मायक्रोफायबर. ट्रायपॉडही सगळ्या नळ्या उघडून धुवावा; कार्बनचा असला तरी सांधे धातूचेच असतात.

रेनकव्हर वेगळ्या भाड्याने घ्यायची गरज नाही. सोलापुरी चादर ज्या जाड पारदर्शक पिशवीत येते तिला लेन्सएवढं भोक पाडून रबर लावलं की भागतं. एसी गाडीतून उतरल्यावर मात्र कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच ठेवावा, नाहीतर दमट हवेने काचेवर वाफ धरते.

भाडं चोवीस तासांवर मोजतात, म्हणून तारीख विचारपूर्वक ठरवावी. इथे आपल्या सोलापूरचंच दाते पंचांग कामाला येतं. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते कळतं, अर्धा-पाऊण तास मागेपुढे. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे सूर्यास्ताला लाटा थेट खडकांवर. त्या दिवशी उंचावरूनच काम करावं. अमावास्या-पौर्णिमेला संध्याकाळी ओहोटी असते, खालचा कातळ उघडा पडतो, पण त्यानंतर पाणी चढू लागतं आणि उधाणाचं असल्याने परतीची वाट लवकर बुडते. जागेवर पोचल्यावर निदान पंधरा मिनिटं नुसत्या लाटा बघाव्यात, सर्वांत मोठी कुठवर भिजवते ते पाहून त्याच्या बरंच मागे ट्रायपॉड लावावा. समुद्राचे अंदाज देणाऱ्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा असेल तर किट उचलूच नये.

रत्नागिरीत सूर्य सोलापूरपेक्षा सुमारे दहा मिनिटं उशिरा मावळतो, आणि रंग बऱ्याचदा त्यानंतरच चढतात. अंधारात कातळावरून परतायला हेडलॅम्प लागतो. तो या दुकानात मिळत नाही.