कादेनाची गच्ची: परदेशी हवाई तळासमोरचा एक रस्त्याकाठचा थांबा

जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर, नाहा शहराच्या उत्तरेस सुमारे 23 किलोमीटरवर असलेला ‘मिची-नो-एकी कादेना’ हा जपानभर आढळणाऱ्या रस्त्याकाठच्या थांब्यांपैकीच एक आहे. गाड्या लावण्यासाठी जागा, स्वच्छतागृह, स्थानिक मालाची दुकाने आणि खाण्याची सोय हे सारे येथेही आहेच. पण पाहुणे प्रामुख्याने येतात ते चौथ्या मजल्यावरील गच्चीसाठी. समोरचा रस्ता ओलांडला की अमेरिकेचा कादेना हवाई तळ सुरू होतो, आणि एवढा मोठा परदेशी लष्करी तळ इतक्या निवांतपणे आणि विनाशुल्क पाहता येईल अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

जवळजवळ 3.7 किलोमीटर लांबीच्या दोन समांतर धावपट्ट्या आणि सुमारे 20 चौरस किलोमीटरचा विस्तार हे आकडे मी आधी वाचलेले होते, तरी दृश्य एका नजरेत मावत नाही हे गच्चीवर उभे राहिल्यावरच कळले. कुंपणाच्या आतल्या जमिनीवर काही ठिकाणी स्थानिक शेतकऱ्यांची पिके उभी असतात. तळाच्या न वापरलेल्या जागेवरील या शेतीला अमेरिकी लष्कराची मूक संमती असते, हक्क मात्र नसतो. हातभर लांबीची भिंगे रोखून बसलेले विमानवेडे छायाचित्रकार या शेतीकडे पाहतही नाहीत. लढाऊ विमान उडाले की बोलणे अर्ध्यावर सोडावे लागते. पुण्यात लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. फरक इतकाच, की तेथील सुखोई आपल्याच हवाई दलाची आहेत.

तिसऱ्या मजल्यावरील प्रदर्शन गावाची बाजू मांडते, आणि या थांब्याचे मोल मला तेथेच अधिक वाटले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कादेना हे साखर कारखान्याचे आणि नाहाशी रेल्वेने जोडलेले गाव होते. जपानी सैन्याने 1944 मध्ये येथे धावपट्टी बांधली, 1 एप्रिल 1945 रोजी अमेरिकी सैन्य याच किनाऱ्यावर उतरले आणि ताब्यात घेतलेली धावपट्टी वाढत वाढत आजचा तळ झाली. तळ मध्ये आल्यामुळे एकाच ग्रामपालिकेच्या दोन भागांतील ये-जा इतकी अवघड झाली, की 1948 मध्ये कादेनाला चातान ग्रामपालिकेपासून वेगळे व्हावे लागले. आज हवाई तळ आणि दारूगोळ्याचे कोठार मिळून गावाची सुमारे 82 टक्के जमीन व्यापतात, आणि उरलेल्या अडीच-पावणेतीन चौरस किलोमीटरमध्ये तेरा हजारांच्या आसपास लोक राहतात. आवाजाविरुद्ध रहिवाशांनी 1982 पासून वारंवार दावे लावले आहेत. न्यायालये भरपाई मंजूर करतात, ती जपान सरकार देते. परंतु अमेरिकी विमानांवर जपान सरकारचे नियंत्रण नाही, या कारणाने उड्डाणे थांबवण्याची मागणी फेटाळली जाते.

एवढा तळ येथे कशासाठी, याचे उत्तर गच्चीवरून दिसत नाही; त्यासाठी नकाशा उघडावा लागतो. कादेनापासून तैवानची राजधानी तैपेई सुमारे 650 किलोमीटरवर, तर टोकियो दीड हजारांहून अधिक किलोमीटरवर आहे. कोरियन युद्धात येथून बी-29 ही बॉम्बफेकी विमाने उडाली, व्हिएतनाम युद्धात बी-52. त्यांपैकी एक 19 नोव्हेंबर 1968 रोजी उड्डाण घेतानाच कोसळले. आज हवेत इंधन भरणारी आणि टेहळणी करणारी विमाने येथे असतात, म्हणजे तळाचे काम ओकिनावाच्या रक्षणापुरते नाही. अभ्यासकांच्या मोजणीनुसार अमेरिकेचे असे लहानमोठे सुमारे 750 तळ जवळपास 80 देशांत व प्रदेशांत आहेत. जपानपुरते पाहिले, तर फक्त अमेरिकी सैन्यच वापरत असलेल्या जमिनीपैकी सुमारे 70 टक्के जमीन देशाच्या 0.6 टक्के भूभागाच्या ओकिनावात आहे. शिवाय 2022 ते 2026 या काळात या सैन्यासाठी जपान वर्षाला सरासरी 211 अब्ज येन स्वतःच्या तिजोरीतून देत आहे. यजमानानेच पाहुण्याचा खर्च उचलावा, ही रीत मला आजही चमत्कारिक वाटते.

खरेदीबाबत थोडक्यात सांगायचे, तर रताळ्याचे पदार्थ घ्यावेत. आपल्याकडे उपवासाला आठवणारे हे कंद ओकिनावात 1605 मध्ये चीनमधून याच परिसरातील नोगुनी गावच्या एका माणसाने आणले, आणि कादेना ती ओळख आवर्जून जपते.

जाणाऱ्यांनी कामाचा दिवस निवडावा, कारण सुटीच्या दिवशी उड्डाणे कमी असतात. दुर्बीण आणि टोपी जवळ असू द्यावी. जपानी वाचणारी एक सहकारी माझ्यासोबत होती, त्याचा फार उपयोग झाला. आम्ही आधी गच्ची आणि मग प्रदर्शन पाहिले, आणि त्यानंतर पुन्हा गच्चीवर गेलो. वेळ कमी असेल तर तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात करावी.